हाकेचं लुगडं

“जोमाकाका, ही लाँच हाय का नवरदेवाची घोरी?”

गोमतीनं धक्क्यावरून विचारलं, तेव्हा मी लाँचच्या तोंडाशी केळीचा खुंट बांधत होतो. तिचा एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. नववा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून महिन्यापूर्वी ती सासरहून तिवरबेटावर आली होती.

“नवरदेव तुजा बापूस हाय,” मी म्हणालो. “आज मंत्र्याला वरातीत आनतो.”

“न् तू घोरीवाला.”

“मी घोरीवाला.”

ती हसली, मग लगेच कळ आल्यासारखी ओठ चावून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, काय नाय, लाथा मारतंय. “कवा येशील परत?”

“बारा वाजता.”

“बारा म्हंजे बारा. वल्ह्यानं येऊ नको.”

ही आमची जुनी थट्टा. लहानपणी ही पोर रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन बसायची आणि लाँचला जरा उशीर झाला की कमरेवर हात ठेवून मला दटावायची, “वल्ह्यानं आलास काय?” इंजिनाची एवढी मोठी लाँच, आणि मी जणू ती वल्ही मारत आणली! पल्याड शाळेला जायला लागली तेव्हा मीच तिला रोज नेलं-आणलं. पोहायला मी शिकवलं. तिच्या लग्नाची वऱ्हाडाची लाँचही मीच हाकली. मला स्वतःची मूलबाळं नाहीत. दुसऱ्याच्या लेकरात जीव गुंतवू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्याचं काय जातं!

तिचा बाप हिराजी नाखवा. आम्ही दोघं एका वयाचे, एका आळीतले, एका जाळ्याला हात लावून वाढलेले. पण हिराजीचं डोकं पहिल्यापासून धंद्याचं. उसन्या होडीतून बेटाची मासळी पल्याड न्यायची आणि येताना बर्फ आणायचा, इथून त्यानं सुरुवात केली. पुढे लाँच घेतली. मग पल्याडच्या बंदरावर बर्फाचा कारखाना काढला. बेटावरची निम्मी मासळी त्याच्या टोपल्यांतून जायला लागली, तेव्हा हिऱ्याचा हिराशेट झाला. मी त्याच्या लाँचचं सुकाणू धरलं, तांडेल झालो आणि बावीस वर्षं तांडेलच राहिलो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. त्याला बाजार दिसायचा, मला पाणी दिसायचं. माझ्या डोळ्यांची तर पंचक्रोशीत ख्याती होती. घार चुकेल पण जोमा चुकणार नाही, असं म्हणायचे.

आता काठीचं सांगायला हवं. आमच्या धक्क्याच्या टोकाला एका बुडालेल्या गलबताची डोलकाठी रोवलेली आहे, आमच्या आज्यापणज्यांच्या वेळची. बेटावर तेव्हा डॉक्टर नव्हता, फोन नव्हता. कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, तर त्या घरातलं एक लुगडं काढायचं आणि त्या काठीवर चढवायचं. त्याला हाकेचं लुगडं म्हणायचे. पाण्यावरच्या ज्या होडीला ते दिसेल तिनं असेल ते काम टाकून यायचं. जाळं पाण्यात असेल तर दोर कापायचा, पण यायचं. लुगड्याचा रंग आणि काठ पाहून आम्ही लांबूनच ओळखायचो, हाक कुणाच्या घरची. आणि हाक नसेल तेव्हा त्या काठीला हात लावायचा नाही. होळीला नाही, जत्रेला नाही. तिच्यावर कधी देवाचा झेंडासुद्धा चढला नाही.

हिराजीला लोकांनी सरपंच केलं ते या काठीमुळेच. एकदा भर मोसमात, लाँच मासळीनं काठोकाठ भरलेली, पल्याडचं बंदर हाताशी आलेलं, आणि मी म्हणालो, “शेट, काठीवर हिरवा लुगरा.” त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. “फिरव,” म्हणाला. एका म्हातारीला विंचू-काट्याचं काहीतरी झालं होतं. तिला आणलं, पोचवलं, ती जगली. सगळी मासळी उन्हात सडून गेली आणि हिराजीनं ती स्वतः फावड्यानं खाडीत लोटली. पुढे निवडणुकीत त्याच काठीखाली उभं राहून त्यानं सांगितलं, “मना निवडून द्या. पाच वर्सांत बेटावर दवाखाना आनतो. मंग या काठीला पुन्ना लुगरा लागनार नाय.” बायका रडल्या होत्या. एक जागा सोडली तर सगळी पंचायत त्याची आली.

तर त्या दिवशी मंत्री येणार होते ते त्या दवाखान्याचा पाया घालायला. हिराजी चार दिवस झोपला नव्हता. मंत्र्यांना पल्याडच्या बंदरावरून आमच्या लाँचनं आणायचं, मागून बेटावरच्या झाडून सगळ्या होड्या पताका लावून, वाजंत्री वाजवत येणार, असा थाट त्यानं ठरवला होता. धक्क्यावर मोठी कमान. कमानीला कापड कुठून आणायचं? आदल्या दिवशी पंचायतीची माणसं घरोघर फिरून चांगली चांगली लुगडी गोळा करून गेली.

हिराजीच्या घरी ती माणसं आली तेव्हा मी ओटीवर बसलो होतो. त्याच्या बायकोनं, हरकूवैनीनं, पेटी उघडून चार लुगडी काढून दिली. तळाशी एक अंजिरी लुगडं होतं, पिवळ्या रुंद काठाचं. हिराजी म्हणाला, “यो पन दे. मंदी लावला तर शोभंल.”

“हा नाय,” वैनी म्हणाली.

“का गो?”

“गोमतीच्या पोराला पयला यात घ्याचा हाय. माज्या आयेनं तिला यातच घेतला व्हता.” आणि तिनं पेटीचं झाकण लावलं.

हिराजी हसला. मीही हसलो. एवढंच झालं.

सकाळी नवाच्या ओहोटीला आम्ही निघालो. सगळ्या होड्या पुढेमागे निघाल्या. बेटावर बाप्यामाणसांत म्हातारेकोतारे राहिले आणि किनाऱ्यावर एक तळ फुटलेली होडी उपडी. निघताना मागे पाहिलं तर गोमती अजून धक्क्यावर होती, कमानीखाली. तिनं मला मनगटावर बोट आपटून दाखवलं. बारा!

पल्याडचं बंदर पाण्यात घुसलेल्या डोंगराच्या एका नाकाडाआड आहे. होड्या सगळ्या आत, नाकाडामागे थांबल्या. लाँच मोठी, ओहोटीत आत जाईना, म्हणून बाहेरच्या धक्क्याला लावली. तिथून आमचं बेट समोर दिसतं. खलाशी हारतुरे आणायला आत गेले, ते मंत्र्यांबरोबरच परतणार होते. लाँचवर मी आणि हिराजी, दोघेच. त्यानं नवं धोतर, नवा कोट घातला होता. गळ्यात दुर्बीण होती. सरपंच झाल्यावर त्यानं ती हौसेनं घेतली होती, आणि मी त्याला चिडवायचो की मी असताना ही कशाला हवी.

अकराला मंत्री येणार होते. साडेअकरा झाले. रस्त्यावरून एक माणूस धावत आला, म्हणाला, गाड्या नाक्याला आल्यात, दहा मिनिटांत पोचतील. हिराजीनं कोटाची बटणं लावली.

मी सवयीनं बेटाकडे पाहिलं. काठीवर लुगडं होतं.

“शेट,” मी म्हणालो, “हाक हाय.”

“कुटं?”

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. दोर सोडला, इंजिन चालू केलं आणि लाँचचं तोंड बेटाकडे वळवलं. हात आपोआप चालले. आमच्यात लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही.

“थांब, थांब! अरे, कमानीचा असंल त्यो.”

“काठीवर कमान हाय का?”

“पोरांनी लावला असंल शोभेला. आजकालची पोरं. त्यांना काय कलतंय?”

“हिऱ्या,” मी म्हणालो. लोकांसमोर मी त्याला शेट म्हणायचो, पण आता कोण होतं तिथं? “हिऱ्या, अंजिरी हाय.”

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग खाली घेतली, धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या, पुन्हा लावली.

“लाल हाय,” तो म्हणाला. “कमानीचा लाल. फिरव लाँच.”

“बग नीट.”

“बगितला. फिरव. मंत्री येऊन हुबा रायला न् लाँच नाय, तर दवाखाना गेला जोमा. पुन्ना कोन येनार हाय आपल्या बेटावर? दा मिन्टांची तर गोस्ट.” आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणाला, “पयलटकरनीला येल लागतोच. हरकूला दोन रात्री लागल्या व्हत्या.”

लुगडं कमानीचं होतं, तर पहिलटकरणीची गोष्ट कुठून आली, हे मी त्याला विचारलं नाही. आयुष्यभर मी स्वतःला हे विचारत आलो की का नाही विचारलं. तो शेट होता म्हणून? त्याच्याच पोरीचा प्रश्न होता आणि बापाला जास्त कळतं म्हणून? की दहा मिनिटं खरंच दहा मिनिटंच असतील असं मलाही वाटलं? सुकाणू माझ्या हातात होतं. त्याच्या हातात नव्हतं. मी लाँच फिरवली आणि पुन्हा धक्क्याला लावली.

दहा मिनिटं झाली. गाड्या आल्या नाहीत. पुन्हा माणूस आला. मंत्री वाटेत एका शाळेत उतरलेत, दहा मिनिटांत निघतील. हिराजी डेकवर येरझाऱ्या घालत होता. दर फेरीला तोंड बेटाकडे आलं की तो मान खाली घालायचा. एकदा मी म्हणालो, “मी एकलाच जातो, तू थांब इथं.” तो म्हणाला, “न् मंत्र्याला कशात बसवू? तुज्या टोपलीत?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दा मिन्टं, जोमा. तुज्या पाया परतो.”

असे दीड तास गेले.

एक वाजून गेल्यावर मंत्री आले. हार झाले, फोटो झाले. लाँच सुटली. मंत्री खुर्चीत बसले होते, हिराजी शेजारी हात जोडून उभा. नाकाड ओलांडून आमच्यामागे होड्या बाहेर पडू लागल्या. वीस-बावीस होड्या, प्रत्येकीत वाजंत्री, सगळी मोठ्यानं वाजत होती. पहिली होडी नाकाडाबाहेर आली आणि तिचं वाजणं बंद झालं. मग दुसरीचं. मग तिसरीचं. जो तांडेल बाहेर यायचा त्याला समोर काठी दिसायची. कुणाला सांगावं लागलं नाही. शेवटी सगळ्या खाडीवर फक्त इंजिनांचा आवाज राहिला.

“का हो, वाजवायचं का थांबले?” मंत्र्यांनी विचारलं.

हिराजीनं काहीतरी उत्तर दिलं. मी ऐकलं नाही. मी इंजिन पूर्ण वेगानं सोडलं होतं.

गोमती धक्क्यावर खाटेवर होती. वर कमान, कमानीला बेटभरची लुगडी, आणि खाली ती. सुईण पायाशी बसली होती आणि माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. खाटेवरची चादर कशी झाली होती ते मी सांगणार नाही. हरकूवैनी पोरीचं डोकं धरून बसली होती. मंत्री उतरले, त्यांना कोणी उतरवून घेतलं मला माहीत नाही. मी आणि आणखी दोघांनी खाट उचलली आणि लाँचवर घेतली.

गोमतीनं डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ पांढरे झाले होते, पण हसायचं होतं तिला.

“काका,” ती म्हणाली, “वल्ह्यानं आलास काय?”

मी सुकाणूकडे गेलो. खाडीच्या मध्यावर वैनीचा आवाज आला. तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी मागे वळून पाहिलं नाही. लाँचही थांबवली नाही. गेलेल्या माणसाला घेऊन मी होत्या-नव्हत्या तेवढ्या वेगानं पळत होतो.

पल्याडच्या इस्पितळात डॉक्टरांनी खाटेवरच तपासलं. दोन्ही जीव गेलेले. तासभर आधी आणलं असतं तर, असं काहीसं ते म्हणाले, आणि डॉक्टर लोक जसे लगेच दुसरीकडे वळतात तसे वळले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर वैनी बसली. हिराजी तिच्या समोर भिंतीला टेकून उभा होता. नव्या कोटावर गुलाल होता आणि गळ्यात ती दुर्बीण अजून तशीच. वैनी रडत नव्हती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

“लुगरा दिसला नाय?”

हिराजीनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं सहा-सात वर्षांचे असताना एकदा त्याच्या बापाची होडी आम्ही सोडून दिली होती आणि ती वाहत गेली होती. बाप काठी घेऊन आला तेव्हा हिऱ्यानं माझ्याकडे असंच पाहिलं होतं. तेव्हाही मी सांगितलं होतं की मीच सोडली.

“वैनी,” मी म्हणालो, “माजी चूक. माजी नदर गेली हाय. चार म्हैने झाले, लांबचा दिसत नाय मना. मी कोनाला सांगितला नाय. शेट आत बंदरात व्हते. मी लाँचवर एकला व्हतो. मना दिसलाच नाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नाय दिसला?”

“नाय.”

“बरा,” ती म्हणाली, आणि मग तिनं हात पुढे केला आणि हिराजीचा हात धरला. तो तिच्या पायाशी बसला आणि गुरासारखा हंबरडा फोडून रडला.

तेव्हा मला वाटलं होतं, बरोबर केलं आपण. हिची पोर गेली. आता नवरा तरी राहू दे.

बाराव्यानंतर गावकी बसली. आमच्यात तांडेलानं हाकेचं लुगडं चुकवणं याला दंड नाही, कारण पूर्वी कुणी चुकवलंच नव्हतं. पंचांनी विचारलं, मी वैनीला सांगितलं तेच सांगितलं. हिराजी मध्ये बसला होता. तो सरपंच, निकाल त्यानं द्यायचा. त्यानं मान वर न करता सांगितलं, “जोमाच्या हाती कोनी सुकानू देऊ नये.” एवढंच. घरी येऊन मी जेवलो. बायको समोर बसली होती. ती म्हणाली, “परवा तुमी माज्या केसातली ऊ अंगनातनं बगितलीव. न् नदर गेली?” घरात कुणाला फसवता येतं? मी तिला सांगितलं की गप्प बस, आणि ती मरेपर्यंत गप्प बसली. पाण्याला गेली की बायका तिच्यापासून हंडा बाजूला घ्यायच्या, तरी गप्प बसली.

आठवड्यानं हिराजीनं एका माणसाच्या हाती चष्मा पाठवला. काळ्या जाड काड्यांचा. मी तो लावला. लावणं भाग होतं. माझे डोळे घारीचे, त्यावर ती काच! समोरचा माणूस पाण्यातून बघितल्यासारखा वाकडातिकडा दिसायचा. कपाळ ठणकायचं. पण घराबाहेर पडलो की चष्मा. जाळी विणायचं काम धरलं, धक्क्यावर बसून विणायचो, चष्म्याच्या वरून बघत. पोरं म्हणायची, आंधळा तांडेल. मोठ्यांनी पोरांना कधी दटावलं नाही. कुठली होडी घरी येतेय हे इतरांना तिचं शीड दिसायच्या आधी मला कळायचं, आणि मी मान खाली घालून विचारायचो, “कोन आला रं?”

हिराजी पुढे मोठा झाला. दवाखाना दोन वर्षांत झाला, त्याला गोमतीचं नाव दिलं. तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला. बेटावर वीज आली, फोन आला. कुणी म्हणो काहीही, कामं त्यानं केली, आणि वेड लागल्यासारखी केली. बेटाचा असा पुढारी पुन्हा होणार नाही हे मी आजही म्हणतो. काठीवर त्या दिवसानंतर लुगडं चढलं नाही. शब्द खरा केला त्यानं. दर नारळी पौर्णिमेला माझ्या घरी एक नारळ आणि धोतरजोडी यायची. तो स्वतः कधी आला नाही. समोरासमोर आलोच तर माझ्या चष्म्याकडे बघायचा आणि वाट बदलायचा. पंचवीस वर्षं माझा मित्र, बावीस वर्षं माझा शेट, आणि उरलेली एकवीस वर्षं कुणीच नाही.

यंदा चैत्रात तो गेला. मोठमोठ्या लाँचा आल्या होत्या, खादीची माणसं आली होती. मी लांब, जाळ्याच्या ढिगाजवळ उभा होतो. तेराव्यानंतर वैनीनं मला बोलावणं पाठवलं.

ओटीवर ती एकटीच बसली होती. पुढ्यात पेटी उघडी. मी बसलो. तिनं पेटीतून अंजिरी लुगडं काढलं आणि मांडीवर ठेवलं. घडी मोडली नाही.

“भावजी,” ती म्हणाली, “काडा आता त्यो चष्मा.”

मी चष्मा बोटानं नाकावर वर सरकवला.

“लाँच वलली व्हती,” ती म्हणाली. “मी काठीखालीच हुबी व्हते. दोर माज्या हातात व्हता. लुगरा वर गेला न् जरा येलानं पल्याडची लाँच सुटली. त्वांड आमच्याकडं झायला. मी डोल्यांनी बगितला. मंग तिनं पाठ फिरवली. दिसला नसता, तर सुटली कशाला असती? न् फिरवायला लावनारा दुसरा कोन व्हता?”

“तुमाला ठावं व्हता,” मी म्हणालो. “इस्पितळात विचारलात तवा ठावं व्हता.”

“व्हता.”

“एकवीस वर्सं.”

“व्हय.”

मला राग आला. इतका राग मला त्या डॉक्टरचा, गावकीचा, हिऱ्याचाही आला नव्हता. बायको डोळ्यांपुढे आली, विहिरीवर एका बाजूला हंडा घेऊन उभी. मी उठलो. “का बोललाव नाय?”

“कोनाला बोलू?” वैनी म्हणाली. “मी त्याला विचारला व्हता. त्याच्या तोंडून आयकाचा व्हता. त्यो बोलला असता तर मी त्याला कायतरी केला असता, नायतर त्याच्या पाया परून रडले असते. पन मंदी तुमी बोललाव. तुमी खोटा दिला न् मी घेतला. मना त्याच्यासंगं राहाचा व्हता, भावजी. दुसरा कुटं जानार व्हते मी?” तिनं लुगड्यावर हात फिरवला. “तुमचा घर बुडवला मी. ठावं हाय मना. रोज ठावं व्हता.”

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. तिथून धक्का दिसतो, काठी दिसते. मी चष्मा काढला. एकवीस वर्षांनी पहिल्यांदा भर दिवसा, घराबाहेर. काठी दिसली नाही. धुक्यात काहीतरी उभं होतं, माणूसही असेल. डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तरी तसंच. मी पुन्हा चष्मा लावला. तेव्हा काठी दिसली, टोकाच्या कप्पीसकट.

मी निघालो. दोन पायऱ्या उतरलो आणि पुन्हा वळलो. एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारायची मला भीती वाटत होती.

“लाँच पाठ फिरवून गेली, तवा गोमतीला काय सांगितलात?”

वैनीनं लुगडं छातीशी धरलं.

“काय सांगनार? सुटली तवा मीच तिला ओरडून सांगितला व्हता, आला बग तुजा काका. मंग पाठ फिरवली ती कशी सांगू? येतो, येतो, असाच बोलत रायले. दीड तास तेच बोलत रायले.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तिला खरा वाटला. कलांतनं हसायची न् बोलायची, आये, काका आज वल्ह्यानं येतोय.”